डॉक्टर, घोडागाडी आणि थरथरणारं स्टिअरिंग

चार्ल्स डार्विन हे नाव न ऐकलेला विद्यार्थी आपल्या कॉलेजात सापडणार नाही. अ‍ॅकरमन स्टिअरिंग हे नावही मेकॅनिकलच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात त्याची आकृती हमखास येते. पण या दोन नावांना जोडणारा एक माणूस आहे, आणि तो आपल्या कोणत्याच पुस्तकात भेटत नाही. तो म्हणजे चार्ल्सचे आजोबा, डॉ. इरॅस्मस डार्विन. पेशाने डॉक्टर, हौसेने इंजिनिअर, आणि आपल्याच गाडीवरून पडून जन्मभर लंगडणारा माणूस.

त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं त्याला कारण घडलं ते आमच्या शिरूर अनंतपाळकडचं. लातूर जिल्ह्यातला हा छोटासा तालुका. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा होतो की शेताच्या वाटेवर माणसाची चप्पल आणि गाडीचं चाक दोन्ही अडकून बसतात. म्हणून हल्ली जुन्या जीपला कंपनीच्या मापापेक्षा मोठे आणि रुंद टायर बसवायची पद्धत पडली आहे. टायर मोठे झाले की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग कुणीतरी सांगतं की स्टिअरिंग डॅम्पर बसवून टाका. तो बसवावा की नाही, पैसे वाया जातात की सार्थकी लागतात, हा वाद चहाच्या टपरीपासून आमच्या होस्टेलच्या मेसपर्यंत मी ऐकला आहे. या वादाचं उत्तर शोधता शोधता मी अडीचशे वर्षं मागे गेले, आणि तिथे हे डॉक्टर भेटले.

इरॅस्मस डार्विन यांचा जन्म १२ डिसेंबर १७३१ रोजी इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमशायरमधल्या एल्स्टन या गावी झाला. वडील वकील होते. सात भावंडांत हे शेंडेफळ. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आणि नंतर एडिंबरा इथे त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं. १७५६ मध्ये नॉटिंगहॅम शहरात दवाखाना थाटला, पण पेशंट फिरकेनात. काही महिन्यांतच त्यांनी गाशा गुंडाळला आणि लिचफिल्ड या गावी आले. तिथे आल्या आल्या एका श्रीमंत घरातला तरुण मरणाच्या दारात होता. बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. डार्विन यांनी नवीन उपाय केले आणि तो वाचला. त्या दिवसापासून त्यांना बसायलाही वेळ मिळेना.

दिसायला ते देखणे नव्हते. अंगाने अवाढव्य, चेहऱ्यावर देवीचे व्रण, आणि बोलताना अडखळायचे. पण पेशंटचा त्यांच्यावर गाढ विश्वास होता. गरिबांना ते फुकट तपासायचे.

त्या काळात पेशंट डॉक्टरकडे येत नसे, डॉक्टरला पेशंटकडे जावं लागे. लिचफिल्डच्या आसपासच्या खेड्यापाड्यांत त्यांची सतत ये-जा असे. चरित्रकारांच्या हिशेबाने हा प्रवास वर्षाला सुमारे दहा हजार मैल, म्हणजे सोळा हजार किलोमीटरच्या घरात जातो. तोही घोडागाडीने, आणि रस्ते म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणून काढलेली माती. आपली घोडागाडी त्यांनी चालतं-फिरतं अभ्यासाचं घरच करून टाकलं होतं. आत पुस्तकं, लिहायचं सामान, खाण्यापिण्याची टोपली, आणि उजेड यावा म्हणून छताला झरोका. त्यांचं कितीतरी लेखन या हिंदकळणाऱ्या गाडीत झालं. आपल्याला स्थिर टेबलावर जर्नल वेळेत लिहून होत नाही!

माणूस आयुष्याचा एवढा वेळ गाडीत काढू लागला की गाडीतले दोष त्याला अंगानेच कळतात. त्या वेळच्या चारचाकी गाडीत पुढची दोन चाकं एकाच आसाला जोडलेली असत, आणि वळताना तो अख्खा आस मधल्या एका खिळीभोवती फिरे. आपल्याकडे ट्रॅक्टरला जोडायची चार चाकांची ट्रॉली बघा. दांडी ओढली की पुढचा आस चाकांसकट टर्नटेबलवर फिरतो. अगदी तीच रचना.

या रचनेत दोन गोम आहेत. पहिली म्हणजे आस जास्त वळला की पुढची चाकं गाडीच्या पोटाखाली येतात, टेकू अरुंद होतो आणि गाडी उलटायची भीती वाढते. उसाने भरलेली ट्रॉली वळणावर कशी कलते ते आपण सीझनमध्ये पाहतोच. दुसरी गोम जास्त महत्त्वाची. समजा एकच चाक दगडावर आपटलं. तो धक्का मधल्या खिळीपासून अर्ध्या आसाच्या अंतरावर बसतो. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर हा हात पाऊण मीटरचा झाला. एवढ्या लांब हाताने बसलेला धक्का अख्खा आस गर्रकन फिरवतो.

१७५९ च्या सुमारास डार्विन यांनी यावर उपाय काढला. आस फिरवायचाच नाही. तो जागेवर घट्ट ठेवायचा आणि प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतःची वेगळी खिळी द्यायची, चाकाच्या अगदी जवळ. दोन्ही चाकं दांड्यांनी अशी जोडायची की वळताना आतलं चाक जास्त वळेल आणि बाहेरचं कमी. म्हणजे चारही चाकं एकाच केंद्राभोवती फिरतील आणि कोणतंच चाक घासत जाणार नाही. धक्क्याचा हात पाऊण मीटरवरून एकदम छोटा झाला. आपण परीक्षेत जी आकृती काढतो तिचा गाभा हाच. तशी गाडी त्यांनी नुसती कागदावर काढली नाही, बनवून घेतली आणि पेशंट बघायला हजारो मैल वापरली.

पेटंट मात्र घेतलं नाही. यंत्रांच्या मागे लागलेला डॉक्टर म्हणून नाव झालं तर पेशंट तुटतील, अशी त्यांना धास्ती होती. पोट दवाखान्यावर होतं, त्यामुळे भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण त्यामुळे शोध त्यांच्या नावावर राहिला नाही. पुढे १८१६-१७ च्या सुमारास म्युनिकचे गाडी बनवणारे गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे काढली. लंडनमधले त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ मध्ये तिचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. हे अ‍ॅकरमन तेव्हा छापील चित्रं आणि पुस्तकं विकणारे. आणि आज जगभरची मुलं त्यांचं नाव घोकतात! कार्ल बेंझ यांनी १८८६ ची पहिली मोटार तीन चाकांची केली, कारण चार चाकांचं स्टिअरिंग त्यांच्या मनासारखं जमत नव्हतं. ते त्यांना १८९३ मध्ये जमलं. डार्विन यांच्या गाडीनंतर तब्बल एकशे तीस वर्षांनी.

डॉक्टरांना मित्र मात्र एक से एक मिळाले. मॅथ्यू बोल्टन, जेम्स वॅट, जोसाया वेजवूड, जोसेफ प्रीस्टले. ज्यांची नावं आपण वाफेचं इंजिन आणि ऑक्सिजनच्या धड्यात वाचली ती ही माणसं. बर्मिंगहॅमच्या आसपास राहणारी ही मंडळी पौर्णिमेच्या जवळच्या दिवशी जमत, म्हणजे रात्री घरी परतताना चांदण्यात रस्ता दिसेल. म्हणून त्यांच्या मंडळाचं नाव पडलं लूनर सोसायटी. लोडशेडिंग पाहिलेल्या आपल्या भागातल्या माणसाला ही सोय चटकन पटेल. वाफेवर चालणारी गाडी करावी असा प्रस्ताव डार्विन यांनी बोल्टन यांच्यापुढे १७६० च्या दशकातच मांडला होता. रिचर्ड एजवर्थ नावाचा तरुण तर १७६६ मध्ये केवळ गाड्यांच्या वेडापायी त्यांना भेटायला आला आणि जन्माचा मित्र झाला.

आता गोष्ट येते ती १७६८ सालाची, आणि माझ्या मते हीच आपल्या वादाच्या सगळ्यात जवळची.

डार्विन यांनी स्वतःच्या कल्पनेने आणखी एक गाडी बनवली होती. दोन चाकांची, पण चाकं खूपच उंच. त्यांच्यावर एक फळी आणि बसायची जागा. पुढून एक कमानदार दांडा घोड्याच्या पाठीवरून जाऊन खोगिरावरच्या लोखंडी कडीत अडकवलेला. घोडा रस्त्याच्या या बाजूला किंवा त्या बाजूला गेला तरी गाडी मधून नीट चालावी, चाकोऱ्या चुकवता याव्यात, ही कल्पना. उंच चाक खड्ड्यावरून सहज जातं हे खरंच आहे, त्यात गणित चुकलेलं नव्हतं. पण बसणारा माणूस उंचावर गेला, आणि माणूस होता डार्विन यांच्या वजनाचा. ते त्या गाडीवरून पडले आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. नंतर उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी लंगडत काढलं.

जगाला स्टिअरिंगची योग्य भूमिती देणारा माणूस उंच चाकांनी पाडला. मला यात विनोद दिसत नाही. मोठ्या चाकाचा फायदा डोळ्यांना दिसतो आणि लगेच मिळतो. त्याची किंमत मात्र वळणावर, उतारावर, एखाद्या दिवशी अचानक वसूल होते. गाडी आडवी पडायला किती जोर लागेल याचा ढोबळ हिशेब दोन चाकांतलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट असा करतात. चाकांत १.४ मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर असेल तर उत्तर १ येतं. मोठे टायर आणि उंच केलेले पाटे यांनी तोच मध्य ०.८ मीटरवर नेला की उत्तर ०.८७५. फक्त दहा सेंटिमीटरने स्थिरता आठ भागांतला एक भाग कमी झाली.

डॉक्टरांच्या वाट्याला पुढे दुःखही बरंच आलं. १७७० मध्ये पत्नी मेरी वारली. थोरला मुलगा चार्ल्स एडिंबऱ्याला वैद्यक शिकत होता, तो १७७८ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना गेला. शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून संसर्ग झाला असं सांगतात. दुसरा मुलगा १७९९ मध्ये बुडून मेला. तिसरा रॉबर्ट डॉक्टर झाला, आणि त्याच्या पोटी १८०९ मध्ये जगाला माहीत असलेले चार्ल्स डार्विन जन्मले. डॉक्टरांनी १७८१ मध्ये दुसरं लग्न केलं आणि पुढे डर्बीला राहायला गेले. १७९४ मध्ये त्यांनी आपल्या वैद्यकावरच्या मोठ्या ग्रंथात सगळे सजीव एकाच मुळापासून आले असावेत हा विचार मांडला, नातू जन्मायच्या पंधरा वर्षं आधी. दोन मुलींनी शाळा काढली तेव्हा त्यांच्यासाठी १७९७ मध्ये मुलींच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात मुलींना विज्ञान शिकवा, व्यायाम करू द्या असा आग्रह होता. मेकॅनिकलच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असताना मला हे पुस्तक स्टिअरिंगपेक्षा कमी महत्त्वाचं वाटत नाही. १८ एप्रिल १८०२ रोजी त्यांचं निधन झालं.

आता आपल्या डॅम्परकडे येऊ. डार्विन यांनी धक्क्याचा हात छोटा केला हे आपण पाहिलं. आजच्या गाडीत किंगपिनची रेषा वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे हाच हात. पुस्तकात त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. तो काही सेंटिमीटरच असतो. समजा २ सेंटिमीटर आहे. रुंद टायर आत घासू नये म्हणून आपण चाक ५ सेंटिमीटर बाहेर काढणारा स्पेसर लावला. हात ७ सेंटिमीटर झाला, म्हणजे साडेतीनपट. तोच खड्डा आता हाताला साडेतीनपट झटका देणार. शिवाय टायर जड, त्यामुळे एकदा हलू लागला की थांबायला नको म्हणतो. म्हणजे डॉक्टरांनी जे कमावलं ते आपण स्पेसरच्या चार बोल्टांत थोडं थोडं परत देऊन टाकतो.

डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअब्सॉर्बर. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं. हळू हलवला तर तेल आरामात जातं, म्हणून स्टिअरिंग वळवताना जड लागत नाही. झटक्याने हलवला तर तेल अडतं आणि झटका शोषला जातो. तो स्प्रिंग नाही, चाक सरळ करायचं काम त्याचं नाही. ते काम कॅस्टर कोनाचं. लँड रोव्हर डिफेंडर, लँड क्रूझर, जीप रँग्लर अशा गाड्यांना तो कंपनीतूनच आलेला आहे. तेव्हा डॅम्पर म्हणजे निव्वळ दिखावा असं म्हणणारे चुकतात.

पण दुसरी बाजूही ऐका. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग आपोआप थरथरू लागतं आणि थरथर वाढतच जाते, तेव्हा रोग वेगळा असतो. किंगपिनचे बेअरिंग सैल, टाय रॉडचा बॉल जॉइंट झिजलेला, पाट्यांचे बुश खलास, चाकाचं बॅलन्सिंग नाही, किंवा जीप उंच करताना कॅस्टर कोन बिघडलेला. अशा वेळी डॅम्पर लावला तर थरथर थांबते. खरी फसगत तिथेच आहे. झीज आत चालूच राहते, डॅम्पर रोज तापतो, एक दिवस त्याचं सील जातं आणि दाबून ठेवलेली थरथर भर रस्त्यात परत येते. डॉक्टर असो की मिस्त्री, ताप उतरवणं आणि रोग बरा करणं यांतला फरक दोघांनाही कळायला हवा.

माझ्या आतेभावाकडे अशीच जुनी, पुढे अखंड आस असलेली जीप आहे. आठवड्यातले चार दिवस शेताचं काम, आणि बाजाराच्या दिवशी घरची आणि शेजारची माणसं घेऊन लातूर किंवा निलंगा. मोठे टायर आणि स्पेसर लावल्यापासून पन्नासच्या पुढे स्टिअरिंग हातात राहत नव्हतं. एका गॅरेजवाल्याने डॅम्पर बसवा, सगळं ठीक होईल असं सांगितलं. दादाने मला फोन केला, इंजिनिअरिंगला आहेस तर सांग म्हणून. मी त्याला एवढंच सांगितलं की त्या गाडीत आत्या बसते, तेव्हा आधी चाक वर उचलून हलवून बघ. दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. वर-खाली हलवून पाहिलं तर किंगपिन सैल, आडवं हलवलं तर एक बॉल जॉइंट खटखट वाजत होता. दोन्ही बदलले, स्पेसर काढले, बॅलन्सिंग केलं. डॅम्पर न लावताच जीप साठला सरळ चालली. शेताच्या वाटेवर हाताला झटके मात्र बसत होते. मग त्याने डॅम्पर लावला आणि तो खूश आहे. पासिंगच्या आधी टायरही कंपनीच्या मापाचे घातले, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे.

मोठ्या टायरचा अजून एक हिशेब दादाला पटला. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचा टायर घातला की मीटरवर साठ दिसताना गाडी सहासष्टने पळत असते. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेग, जास्त उंची, आणि ब्रेक तेवढेच.

तेव्हा मित्रांनो, उत्तर असं. जोडण्या घट्ट असतील, कोन बरोबर असतील, रस्ता खरोखर खराब असेल, तर डॅम्पर पैशाला जागतो. थरथर लपवायला घेणार असाल तर घेऊ नका. परीक्षा सोपी आहे. डॅम्पर काढून ठेवा, रिकाम्या सरळ रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत गाडी चालवून बघा. त्याच्याशिवाय गाडी शांत चालली तरच तो परत लावा. आणि पुढच्या सेमिस्टरला अ‍ॅकरमनची आकृती काढाल तेव्हा आतल्या चाकाचा कोन जास्त दाखवायला विसरू नका. दोन मार्क त्याचेच असतात.